तुटलेली तार आणि अडवून ठेवलेली बोट

प्रश्न : मी अलिबागला राहतो. नोव्हेंबरमध्ये गोव्यातल्या एका गृहस्थांकडून जुनी होबी १६, म्हणजे शिडाची, दोन सांगाड्यांची छोटी कॅटामरान, ३,४०,००० रुपयांना घेतली. ‘तारा सगळ्या मागच्या सीझनला नव्या टाकल्यात,’ असं त्यांनी व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं. करारपत्रात मात्र ‘आहे त्या स्थितीत’ असे शब्द आहेत. तिसऱ्याच फेरीत वाऱ्याकडची तार तुटली, डोलकाठी कोसळली, मित्राच्या खांद्याला मार बसला. वर्कशॉपला फक्त तारा बदलायला आणि काठी दुरुस्त करायला सांगितलं होतं. त्यांनी ७०,००० चा लेखी अंदाज दिला आणि बिल केलं १,२६,००० चं. पूर्ण पैसे द्या, नाहीतर रोज ५०० रुपये जागाभाडं लावू आणि महिन्याने बोट विकू, असं म्हणतात. दावा कोणावर करू?

उत्तर : दाव्याचं नंतर बघू. ती तुटलेली तार कुठे आहे? बिल, करारपत्र, फोटो सगळं तुम्ही पाठवलंत, तारेचा मात्र उल्लेखही नाही. म्हणजे ती वर्कशॉपच्या भंगारात पडलेली असणार. बोटीवरून काढलेली प्रत्येक जुनी वस्तू तुमच्या मालकीची आहे. आजच्या आज मेसेज करून तारा, शॅकल, पिना सगळं परत मागा.

एवढा आग्रह का, ते सांगते. या बोटीची साडेसव्वीस फुटी काठी तीनच तारांवर उभी असते, एक पुढची आणि दोन बाजूंच्या. स्टेनलेसची तार बाहेरून चकचकीत दिसते, पण टोकाला जिथे स्लीव्ह दाबून बसवलेली असते तिथे खारं पाणी साचतं आणि गंज आत धरतो. तार तिथे तुटली असेल, तर ‘खरेदीच्या वेळी नीट बघायला काय झालं होतं?’ हा प्रश्न लंगडा पडतो. पण मधल्या भागात सुटे धागे आधीच बाहेर आले असतील, सुती फडकं फिरवल्यावर अडकावं इतके, तर समोरचा वकील तोच प्रश्न घेऊन बसेल. शिवाय एका हंगामात तार इतकी झिजते का, हेही तारच सांगेल.

आता विक्रेता. ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांना लोक उगाच घाबरतात. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मुळे खासगी विक्रेत्याकडून घेतलेल्या जुन्या वस्तूच्या दर्जाची हमी तशीही फारशी मिळत नाही. कलम ६२ मुळे कायद्याने गृहीत धरलेल्या हमीही कराराने काढून टाकता येतात. पण ‘तारा नव्या टाकल्यात’ ही गृहीत धरलेली हमी नाही, त्यांनी स्वतः लिहिलेलं विधान आहे. त्यावर विसंबून तुम्ही पैसे मोजले, हे दाखवलंत की कलम ५९ खाली भरपाई मागता येते. बोट परत करून सगळे पैसे मागण्याचा नाद मात्र सोडा. तुम्ही ती वापरलीत, तिच्यावर काम करून घेतलंत.

भरपाई किती? इथे तुमची निराशा होणार आहे. बिलात तारा, चेनप्लेट (तार बोटीला जोडणारी पट्टी) आणि पिना २४,०००, काठी ३८,०००, ट्रॅम्पोलिन (दोन सांगाड्यांमध्ये ताणलेलं बसायचं कापड) २९,०००, सुकाणूच्या पिना-बुशिंग २१,००० आणि मजुरी १४,००० आहे. तारा आणि त्यांच्यापायी वाकलेली काठी हे नुकसान करार अधिनियमाच्या कलम ७३ मध्ये बसतं, त्या कामाची मजुरीही. ट्रॅम्पोलिन आणि सुकाणूबद्दल विक्रेत्याने चकार शब्द काढला नव्हता. जुन्या बोटीचं जुनं सामान झिजणारच, त्याचा खर्च तुमचा. म्हणजे मागणी साधारण ७०,००० ची.

विक्रेता बोटींचा व्यापारी नसेल, तर त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊन उपयोग नाही. दिवाणी दावाच करावा लागेल, मुदत तीन वर्षांची. तो राहतो तिथे, गोव्यात, दावा लावणं सुरक्षित. अलिबागला लावलात तर पहिलं वर्ष अधिकारक्षेत्रावर भांडण्यातच जाईल. व्हॉट्सअॅपचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा तो फोन विकू नका. आणि फसवणुकीची पोलीस तक्रार करायची घाई नको. त्याला खोटं ठाऊक होतं हे सिद्ध करावं लागेल, आणि त्याच्या कारागिराने त्यालाच गंडवलं असणंही शक्य आहे.

वर्कशॉपची गोष्ट वेगळी. करार अधिनियमाच्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत बोट अडवून ठेवायचा त्यांना हक्क आहे, पण तो तुम्ही सांगितलेल्या कामापुरता. अडवता येते, विकता येत नाही. विकण्याची मुभा तारण ठेवून घेणाऱ्याला असते, दुरुस्ती करणाऱ्याला नाही. जागाभाड्याचं म्हणाल, तर १८६० साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर अगदी हाच वाद आला होता. गोदीवाल्याने बिलासाठी जहाज अडवलं आणि वर रोजचं भाडं मागितलं. स्वतःच्या फायद्यासाठी अडवून ठेवलेल्या वस्तूचं भाडं मालकाकडून घेता येत नाही, असं तिथे ठरलं. आपल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण नोटिशीत लिहा, वजन पडतं.

न सांगता बसवलेल्या ट्रॅम्पोलिनवर मात्र सांभाळून. नवं ट्रॅम्पोलिन ठेवून घेतलंत, त्यावर बसून मांडव्यापर्यंत फिरून आलात, आणि मग ‘मी सांगितलंच नव्हतं’ म्हणालात, तर त्याच अधिनियमाचं कलम ७० आडवं येईल. फायदा घेतला तर मोबदला द्यावा लागतो. ‘तुमचं सामान काढून घ्या, माझं जुनं परत बसवा,’ असं आत्ताच लिहून कळवा. लेखी अंदाजातले ७०,००० रुपये वर्कशॉपला बँकेतून पाठवा, रोख नको. तरीही बोट सोडली नाही आणि तुम्हाला पावसाआधी ती हवीच असेल, तर उरलेले पैसे ‘हरकत राखून’ असं लिहून भरा, बोट घरी आणा आणि मग रायगडच्या जिल्हा ग्राहक आयोगात वर्कशॉपविरुद्ध जा. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. बोट पर्यटकांना भाड्याने देत नाही, असं मी धरून चालले आहे. देत असाल तर आधी मला कळवा, कारण मग तुम्ही ‘ग्राहक’ आहात का, इथपासून वाद सुरू होईल.

मित्राचे उपचाराचे कागदही जपून ठेवा. त्याने उद्या भरपाई मागितली, तर बोट चालवणारे म्हणून पहिलं नाव तुमचंच येईल.

तार हातात आली की तिचे दोन्ही टोकांचे फोटो काढा, तारीख लिहून पिशवीत बंद करा. विक्रेत्यावरच्या दाव्यात न्यायालयाला ती तपासणीसाठी पाठवता येते. तोवर ब्रासोने घासून चकचकीत करू नका.