वाचकांचे प्रश्न : स्टँडवर झोपणारा ‘फौजी’

प्रश्न : आमच्या एसटी स्टँडवर दोन महिने झाले, साठीच्या आसपासचे एक गृहस्थ झोपतात. कधी सांगतात, ‘71च्या लढाईत होतो’. कधी म्हणतात, ‘नेव्हीत होतो’. रिक्षावाले त्यांना थापाड्या म्हणतात. आम्ही चौघं डबा देतो, पण आता आमच्याही मनात शंका येते. खरं-खोटं कसं करावं? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : डबा चालू ठेवा. जेवण, औषध आणि पावसाळ्यात कोरडी जागा मिळायला माणूस फौजी असावा लागत नाही. आधी त्यांचे पाय बघा. भिजून चिघळलेल्या जखमेतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाचा) संसर्ग आत शिरतो. जखम असेल किंवा ताप असेल तर थेट कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या; चालवत नसेल तर 108ला फोन करा.

आता दाव्याबद्दल. 1971मध्ये अठरा वर्षांचा असलेला माणूस 1953चा. म्हणजे आज सत्तरी ओलांडलेला. साठीच्या माणसाची ती लढाई खरी असू शकत नाही. पण म्हणून नोकरीच खोटी, असं होत नाही. 1985 ते 2000 अशी पंधरा वर्षं केलेला जवानही लढाई स्वतःला चिकटवतो, कारण लढाईचं नाव घेतलं की स्टँडवरून कोणी हुसकावत नाही. आणि पंधरा वर्षं म्हणजे जवानाला पेन्शन लागू! ती हयातीचा दाखला न दिल्यानं थांबली असेल, तर दाखला दिल्यावर मागच्या थकबाकीसकट सुरू होऊ शकते. हे शोधण्यासारखं आहे.

‘नेव्ही’चंही तसंच. कोकणात व्यापारी जहाजावर गेलेला खलाशीसुद्धा गावाच्या तोंडी ‘नेव्हीतला’च. तो माजी सैनिक ठरत नाही, पण मुंबईच्या सीमेन्स प्रॉव्हिडंट फंडात त्याचे पैसे पडून असू शकतात. तेव्हा जहाज कुठलं, कंपनी कुठली, सीडीसी (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) नंबर काय, हे विचारा. बीएसएफ-सीआरपीएफची पेन्शन गृहखात्याकडची. सैनिक कल्याण कार्यालयात तिचं काम होत नाही. एमईएसमधले (लष्कराच्या बांधकाम खात्यातले) मुलकी कामगारही ‘मिलिटरीत होतो’ म्हणतात, आणि ते त्यांच्या परीनं खरंच असतं.

उलटतपासणी नको. चहा घेताना एकेक विचारा : भरती कुठे झालात, ट्रेनिंग कुठे, रेजिमेंट कोणती, नंबर काय. नंबरच्या शेवटी इंग्रजी अक्षर असतं, तेही टिपा. नंबर आठवला नाही तर तो खोटेपणाचा पुरावा मानू नका. दारू, डोक्याचा मार, विसराळूपणा, काहीही कारण असतं. मग हे घेऊन रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांनाच सोबत न्या. डिस्चार्ज बुक (फौजेतून निवृत्त होताना मिळणारं पुस्तक) हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून अर्ज त्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जातो : मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बेळगावला, तोफखान्याचा नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचा (लष्करी इंजिनिअरांचा) खडकीला. अर्जावर सही किंवा अंगठा त्यांचाच हवा; तुमच्या चिठ्ठीवर कोणाची खासगी माहिती देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आधार कार्ड हरवलं असेल तर आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून नंबर सापडतो. त्यांचं एटीएम कार्ड किंवा पिन मात्र स्वतःकडे ठेवू नका, अगदी चांगल्या हेतूनंसुद्धा.

नोकरी निघाली पण पेन्शन नसली, तर हवालदार हुद्द्यापर्यंतच्या आणि 65 पूर्ण केलेल्या निराधार माजी सैनिकाला केंद्रीय सैनिक बोर्डाचं पेन्युरी (हलाखीतल्यांसाठीचं) अनुदान आहे. काहीच निघालं नाही तर तहसील कचेरी : 65 खाली संजय गांधी निराधार, वर श्रावणबाळ.

प्रश्न : काही मुलं त्यांचा व्हिडिओ काढून ‘नकली फौजी’ म्हणून ग्रुपवर टाकणार आहेत. – तेच वाचक

उत्तर : आजच थांबवा. एकदा चेहरा फिरला की ते गाव सोडतील आणि रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर येईल तेव्हा सापडणार नाहीत. फौजेचा गणवेश घालून कोणी पैसे उकळत असेल तर तो गुन्हा आहे आणि पोलिसांचं काम. बोलणं असंबद्ध असेल, रात्रभर जागून ओरडत असतील, तरीही पोलीस ठाण्यातच सांगा. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा भटकणाऱ्या आजारी माणसाला 24 तासांत सरकारी रुग्णालयात पोचवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीतच आहे.