जावा ८ वरून १७ वर गेल्यावर जुनं स्विंग (जावाच्या डेस्कटॉप विंडोंचं) अ‍ॅप चालत नाही, परत ८ टाकावं का?

नको. "कोडला कोणी हात लावला नाही, म्हणजे दोष नव्या जावाचा" असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य आमच्या टीम लीडकडून इतकं ऐकलंय की उत्तर लिहायला बसलो.

आमचं बिलिंगचं अ‍ॅप जावा ११ वर होतं. सुरू केलं की कन्सोलवर 'इल्लीगल रिफ्लेक्टिव्ह अ‍ॅक्सेस'ची वॉर्निंग यायची आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत हे बंद होणार, असं तिथेच लिहिलेलं असायचं. एक जुनी लायब्ररी रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना क्लासच्या आत डोकावण्याच्या सोयीने, जावाच्या स्वतःच्या क्लासेसच्या प्रायव्हेट फील्ड्समध्ये घुसत होती. मी म्हटलं, लायब्ररी बदलू. लीड म्हणाले, "वॉर्निंग आहे, एरर नाही." वर लाँचर स्क्रिप्टमधून ते आउटपुटच बंद करून टाकलं.

मग १७ आलं. विंडो उघडायची, फॉर्म भरता यायचा, 'सेव्ह' दाबलं की काहीच नाही. मेसेज नाही, फाइल नाही. एक्सेप्शन (चालू असताना आलेली एरर) येत होतं, पण तेही त्याच बंद केलेल्या आउटपुटमध्ये जात होतं. स्क्रिप्टमधली ती ओळ काढली तेव्हा कुठे 'इनॅक्सेसिबल ऑब्जेक्ट एक्सेप्शन' दिसलं.

यात जावाने दगा कुठे दिला? २०१७ मध्ये ९ आलं तेव्हापासून इशारा मिळत होता. १६ मध्ये ही वाट डिफॉल्टने बंद झाली आणि १७ मध्ये ती सरसकट उघडणारा स्विचही निकामी झाला. दुसऱ्याच्या प्रायव्हेट कोडवर उभं राहणं हा आपलाच दोष, आणि वॉर्निंग दडपणं त्याहून मोठा. लीडना हे आजही पटत नाही. जेडेप्सचा (कोड कशावर अवलंबून आहे ते तपासणाऱ्या टूलचा) रिपोर्ट क्लीन होता, हे ते अजून ऐकवतात. अहो, जेडेप्सला रिफ्लेक्शन दिसतच नाही!

तुम्ही डबल-क्लिक सोडा, कमांड प्रॉम्प्टवरून चालवा आणि शेवटची 'कॉज्ड बाय' ओळ वाचा. जेएएक्सबीचा (एक्सएमएल वाचण्या-लिहिण्याच्या लायब्ररीचा) क्लास सापडत नसेल तर तो ११ मध्येच जेडीकेमधून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून, गेलाय, लायब्ररी वेगळी जोडा. आमच्यासारखं एक्सेप्शन असेल तर 'अ‍ॅड-ओपन्स' (ठरावीक पॅकेज उघडणारा कमांडमधला पर्याय) लावून आजचं काम चालवा, पण लायब्ररीची नवी आवृत्ती घ्याच.

सोर्स कोड हातात नसेल आणि या उपायांनीही चालत नसेल तर मात्र ८ ठेवावं लागेल. तेही त्या अ‍ॅपच्याच फोल्डरमध्ये ठेवून लाँचरमध्ये त्याचा पूर्ण पाथ द्या, अख्ख्या मशीनवर नको. आणि वेब स्टार्टवरून (ब्राउझरमधल्या लिंकवरून) उघडणारं अ‍ॅप असेल तर वेब स्टार्टही ११ मध्ये काढलंय, जेपॅकेज या जावाच्या टूलने इन्स्टॉलर बनवा.