वासना: मुरलेला वास

प्रश्न असा आला आहे: पुण्यात नुकत्याच झालेल्या क्विअर (समलिंगी, पारलिंगी अशा) कविता आणि सादरीकरणाच्या एका संध्याकाळी निवेदिकेने विषय सांगितला, 'शरीर आणि वासना'. शेजारचे गृहस्थ पुटपुटले, 'देह आणि इच्छा म्हणा हो, वासना घाणेरडा शब्द.' बरोबर कोण?

निवेदिका. 'शरीर' की 'देह' यात वेळ घालवत नाही, दोन्ही चालतात. पण वासना घाणेरडी, हे ऐकलं की माझं डोकं उठतं. बलात्काराच्या बातमीला 'वासनेची शिकार' असा मथळा देऊन देऊन आपण हा शब्द नासवला. तो गुन्हा जबरदस्तीचा असतो.

घरातली मराठी ऐका. तापातून उठलेल्याची अन्नावर वासना नसते. पुण्याच्या ओंकारेश्वर घाटावर दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना, की 'आजीची वासना कशात तरी अडकलीय' म्हणतात, आणि कुणीतरी पुढे होऊन 'धाकट्याचं लग्न आम्ही करू' असं मोठ्याने सांगतं. त्या आजीची वासना घाणेरडी? समर्थांनीही 'मना वासना दुष्ट कामा न ये रे' म्हणताना 'दुष्ट' हे विशेषण लावलं. वासना मुळातच दुष्ट असती, तर ते लावावं का लागलं?

आता व्युत्पत्ती. 'मनात वास करते ती वासना' असं शिकवणारे पंडित अर्ध्या वाटेत थांबतात. संस्कृतात 'वासन' म्हणजे सुगंधित करणं! बौद्ध विज्ञानवाद्यांचा, म्हणजे सगळं जग चित्ताचंच रूप मानणाऱ्यांचा, दृष्टान्त तिळांचा आहे. तीळ फुलांत ठेवायचे, मग फुलं काढून टाकायची. तीळ गाळले की तेलाला फुलांचा वास. फुलेल, म्हणजे फुलांचं सुगंधी तेल, असंच करत. फूल गेलं तरी जे मुरून राहिलं, ती वासना. इच्छा चहाचीही होते आणि चहा प्यायला की संपते. वासना सांगून-समजावून निघत नाही. ज्यांचं प्रेम सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापर्यंत दंड संहितेच्या कलम ३७७ खाली 'निसर्गक्रमाविरुद्ध' म्हणून गुन्हा ठरत होतं, त्यांना याहून नेमका शब्द मराठीत मिळणार नाही.

त्या संध्याकाळी मीही होतो. एका कवीने मनगटाचा मोगऱ्याचा गजरा सोडून पहिल्या रांगेत दिला, तो हातोहात मागे आला. कवितेच्या जेमतेम दोन ओळी होईपर्यंत तो माझ्याकडे होता. रात्री सदरा काढताना बाहीला वास येत होता.

'सुवासिनी'त मात्र हा गंध शोधू नका. तिथला वास राहण्याचाच.