जुनी एमटीबी (माउंटन बाइक) घेतलीयेस, आधी सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) हलतो का बघ

अरे मस्त फ्रेम मिळालीये तुला, रंगाच्या मागे लगेच लागू नको. आधी सीटपोस्ट हलतो का बघ. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं तसाच राहिला की आपल्या खाडीकडच्या दमट हवेत आतून पांढरी पूड धरते आणि जाम होतो, माझा तसाच झाला होता, पेनिट्रेटिंग ऑइल सोडून दोन दिवस ठेवला, मग कुठे करकरत फिरला. हातोडा मारू नको प्लीज, फ्रेम जाईल! निघाला की साफ करून ग्रीस लावूनच परत घाल.

चेन स्केलने मोज, एका पिनेच्या मध्यावर शून्य धरलं की नवीन चेनची त्यानंतरची 24वी पिन बरोबर 12 इंचावर येते, 1/16 इंच जास्त भरलं की बदल, नाहीतर मागचे दातेपण खाईल. टायर घेताना साइडला 559 (रिमचं मिमीमधलं माप) लिहिलंय ना बघ, 26 इंच म्हणून दुसराच साइज गळ्यात मारतात. रोज नवी मुंबईच्या पाम बीच रोडने जाणार असशील तर गोट्यांचे टायर काढ, 1.5 इंचाचे स्लिक (गुळगुळीत टायर) टाक, फरक पहिल्याच दिवशी कळेल. ब्रेकपॅड आणि केबल नवीनच, तिथे काटकसर नको, पावसात ठाण्यातल्या येऊरचा उतार उतरायचाय तुला.