मुलं दिसायची कमी झाली, पण बाबा आता दिवसभर झोपेत

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझे सासरे ७४ वर्षांचे, पार्किन्सन होऊन नऊ वर्षं झाली. दिवाळीनंतर त्यांना रात्री पलंगाच्या कडेला लहान मुलं बसलेली दिसायला लागली, त्यांच्यासाठी ताटलीत बिस्किटं काढून ठेवायचे. न्यूरॉलॉजिस्टनी रात्री भास कमी करणारी क्वेटियापिन २५ चालू केली. मुलं दिसणं बरंच कमी झालंय पण सकाळी अकरापर्यंत डोळा उघडत नाही, परवा पहाटे बाथरूमला जाताना पडले, पोटही साफ होत नाही. दीर म्हणतात गोळीच बंद करू. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, दीरांना म्हणावं जरा दम धरा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि सिंडोपा, म्हणजे पार्किन्सनची मुख्य गोळी (लेव्होडोपा), तर अजिबातच नाही, ती एकदम थांबवली तर अंग लाकडासारखं कडक होऊन ताप चढतो आणि थेट आयसीयू गाठावं लागू शकतं.

आता पडण्याचं. सगळे झोपेला दोष देतात पण मला आधी बीपीचा संशय येतो. पार्किन्सनमध्ये उभं राहिलं की बीपी उतरतं, सिंडोपाने अजून उतरतं, क्वेटियापिनने त्यात भर, आणि वर बीपीची जुनी गोळी नाहीतर प्रोस्टेटची टॅमसुलोसिन चालू असेल तर मग पहाटे पाच वाजता माणूस पडणार नाही तर काय होणार! घरी मशीन असेल तर बाबांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या, मग धरून उभं करा आणि एक मिनिटाने, तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर वहीत लिहून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, बीपीची गोळी कमी करायची का ते त्यांनाच ठरवू दे. पडताना डोक्याला लागलं असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र फोनवर न भागवता लगेच दाखवून या.

रात्री युरिनलचं भांडं पलंगाशीच ठेवा. उठताना आधी कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसायचं. नाईट लॅम्प लावा, अंधारात खुंटीवरचा शर्टसुद्धा माणूस वाटतो.

झोपेसाठी एकच विचारते, गोळी किती वाजता देता? बऱ्याच घरांत सिरियल संपल्यावर अकराला देतात आणि मग सकाळ जाते झोपेत. लवकर देता येईल का, साडेबारा मिलिग्रॅमवर भागेल का, हे डॉक्टरांना विचारा. हृदयाचा त्रास असेल तर ईसीजीचंही विचारा. आणि विसरभोळेपणा वाढलेला असेल तर तेही सांगा, कारण स्मृतिभ्रंश असलेल्या वयस्कर माणसांत क्वेटियापिनच्या जातीच्या गोळ्यांनी जिवाचा धोका वाढतो, म्हणून डोस कमीत कमी ठेवायचा आणि अजून गरज आहे का ते दर थोड्या महिन्यांनी विचारत राहायचं.

पोटाकडे दुर्लक्ष नको. पोट तुंबलं की सिंडोपा नीट लागू होत नाही आणि डोक्यातला गोंधळही वाढतो. इसबगोल द्या पण भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर उलटंच होतं.

अजून एक, भास सुरू झाले तेव्हा लघवी तपासली होती का? नुसत्या लघवीच्या इन्फेक्शननेही असं होतं. पॅसिटेन, अमॅंटाडिन, प्रामिपेक्सॉल या पार्किन्सनच्याच दुसऱ्या गोळ्यांतलं काही चालू असेल तर आधी तेच कमी करतात, सिंडोपाला हात सगळ्यात शेवटी.

एक चिठ्ठी लिहून बाबांच्या पाकिटात ठेवाच : भासांसाठी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन नको, उलटीसाठी पेरिनॉर्म नको, चक्करसाठी स्टेमेटिल नको. या सगळ्यांनी पार्किन्सन बिघडतो. उलटीच्या एका साध्या इंजेक्शननंतर दोन दिवस जागचे न हललेले आजोबा मी बघितलेत.

क्वेटियापिनने भागलं नाही तर क्लोझापिन आहे, चांगलं काम करते, सव्वासहा मिलिग्रॅमपासून सुरू करतात. फक्त पांढऱ्या पेशी घसरू शकतात म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, आणि ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी.

आणि त्या बिस्किटांवरून एक सुचलं. बाबांना शांतपणे विचारा, ती मुलं खरी वाटतात का, त्यांची भीती वाटते का. नाही म्हणाले तर हेसुद्धा डॉक्टरांना सांगा, डोस उतरवता येईल का हे ठरवताना त्यांना ते हवंच असतं.