"काकू, माझा नंबर लागेल का?"

सप्टेंबर उजाडला की एमबीएला जाऊ पाहणारी मुलं हा एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात. गेल्या वर्षी इथल्या, इंदूरच्या लोकमान्य नगरातला एक मुलगा आईबरोबर आला. इंजिनिअर, आयटीत अडीच वर्षं नोकरी. दहावीला ८८ टक्के, बारावीला ७१. कॅट म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांची प्रवेश परीक्षा; तिच्या मॉक टेस्टमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, पर्सेंटाइल ९५ च्या आसपास, म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव मुलांच्या पुढे. टेकायच्या आधीच म्हणाला, "काकू, चान्स किती टक्के ते एकदा सांगून टाका. म्हणजे पुढे अभ्यास करायचा की सोडून द्यायचं, ते ठरवतो."

आईची शंका वेगळी. "राऊच्या टेकडीवरचं आयआयएम आपल्या इतकं जवळ, इंदूरच्या मुलांना काही कोटा असेल ना?"

नसतो. आणि घरात मराठी बोललो तरी रहिवासी मध्य प्रदेशचे, म्हणून महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीतही त्या राज्याच्या मुलांसाठीच्या जागा याच्या वाट्याला येणार नव्हत्या. इंदूरच्या मराठी घरांत या दोन्ही आशा मी वर्षानुवर्षं पाहते. त्या लवकर सुटल्या तर बरं, म्हणून पहिल्याच भेटीत बोलून टाकते.

टक्का मात्र मी सांगितला नाही, कारण सगळ्या संस्था मिळून एकच चान्स असं काही नसतंच. २०२४ च्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार मुलं बसली होती. त्यात ९५ पर्सेंटाइल म्हणजे साडेचौदा हजारांहून जास्त मुलं तुमच्या पुढे. ९९ म्हणजे २,९०० च्या आसपास. त्यापुढे प्रत्येक संस्थेची चाळणी निराळी. अहमदाबाद, बेंगळुरूच्या आयआयएममध्ये दहावी-बारावीचे गुणही धरतात. याचे ७१ तिथे आड येणार, आणि ते आता कोणालाच बदलता येणार नाहीत. उलट आयएसबीच्या, म्हणजे इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या, एक वर्षाच्या कोर्सला निदान दोन वर्षांची नोकरी लागतेच. तिथे याचा अनुभव कामी येणार होता.

मी त्याला वहीत प्रत्येक संस्थेसमोर दोन रकाने पाडायला लावले: "ठरून गेलेलं" आणि "अजून हातात असलेलं". निकष संस्थेच्या प्रवेश धोरणातून स्वतः वाचून लिहायचे, मित्राने सांगितलेले नाहीत.

मग मॉकचा कागद मागितला. खिशातून चार घड्या घातलेला निघाला. एकूण पर्सेंटाइल ९५, पण इंग्रजीच्या भागात ७२. हा आकडा त्याने मला सांगितलाच नव्हता. बहुतेक आयआयएम प्रत्येक भागात किमान पर्सेंटाइल मागतात. एका भागात घसरलं की एकूण आकडा कितीही चांगला असो, मुलाखतीचं बोलावणं येत नाही. आम्ही प्रश्न एकेक करून पाहिले. त्या भागाच्या चाळीस मिनिटांपैकी शेवटच्या सहा मिनिटांत त्याने पर्यायांचे आठ प्रश्न अंदाजाने सोडवले होते. एक बरोबर, सात चूक. बरोबरला तीन, चुकीला उणे एक. म्हणजे तीन कमावून सात घालवले. तो कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. "हे मी सोडवलेच नसते तर?" चार गुण जास्त आले असते, अभ्यास न वाढवता.

मला या मुलांची काळजी वाटते ती इथेच. अनोळखी लोकांनी वर्तवलेल्या टक्क्यावर ती झोप घालवतात आणि स्वतःच्या उत्तरांचा कागद घडी घालून ठेवतात.

तीन आठवड्यांनी तो परत आला, तेव्हा वहीत अकरा संस्था होत्या. चार त्याने स्वतःच खोडल्या होत्या, बारावीच्या गुणांमुळे. आई पुन्हा विचारू लागली, "मग होईल ना हो त्याचं?" मी उत्तर द्यायच्या आत त्यानेच वही तिच्याकडे सरकवली. "आई, या तीन जरा अवघड. या चार जमतील, पण इंग्रजीत ८५ च्या वर गेलो तरच. आणि हे बघ, आयएसबीचा फॉर्म वेगळा भरायचाय, त्याला जीमॅट किंवा जीआरई ही वेगळी परीक्षा द्यावी लागेल."

आईने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.