पुनर्वसन अभियांत्रिकीत येतोयस? आधी हे ठरव

कृत्रिम पाय बसवायचेत की दिव्यांगांसाठी नवी साधनं घडवायचीत? बसवायचे असतील तर प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधाराचे पट्टे-साचे बसवण्याची पदवी घे. मुंबईत हाजी अलीच्या केंद्रीय पुनर्वसन संस्थेत (एआयआयपीएमआर) ती मिळते. कॉलेजला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, हे प्रवेशाआधीच बघ, नाहीतर पुढे नोंदणी अडते. घडवायची असतील तर मेकॅनिकल किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग चालेल. आयआयटी मद्रासची बसल्याजागी उभं करणारी ‘अराइज’ व्हीलचेअर अभ्यास. जयपूर फूट हा कृत्रिम पाय तर हातात घेऊनच बघ: अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, या गरजेतून तो घडला. म्हणून सांगतो, कॅड (संगणकावर आराखडे काढणं) शिकशीलच, पण त्याआधी व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या घरी जा. दारांची रुंदी मोज, संडासाचा उंबरठा बघ. कुठलं साधन माळ्यावर पडलंय आणि का, हे मात्र नक्की विचार.